खिडकीतला फार्मासिस्ट खाटेपर्यंत यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण रुग्णालयांतल्या अपुऱ्या खाटा, रखडलेल्या इमारती आणि डॉक्टरांच्या रिक्त जागा यांबद्दल वृत्तपत्रांत सतत लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. आम्ही त्याच्या शेजारचा एक विषय मांडतो आहोत. त्याला नवी इमारत लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात औषधाच्या खिडकीआड जो फार्मासिस्ट बसतो, सरकारी भाषेत औषध निर्माण अधिकारी, त्याने रोज दोन तास वार्डात, रुग्णाच्या खाटेजवळ काम करावे, अशी आमची मागणी आहे. बीपी, शुगर, दमा, मिरगी, सिकलसेल, थायरॉइड, हृदयाच्या झडपांचे दुखणे हे आजार वर्षानुवर्षे चालतात. त्यांचे औषध नेमके कुठे चुकते ते शोधायला वार्डासारखी दुसरी जागा नाही.

खिडकीवर एका रुग्णाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. मागे रांग असते, कुणाला एसटी गाठायची असते. वार्डात तोच माणूस तीन-चार दिवस एका जागी असतो. शेजारी नातेवाईक असतो, केस पेपर आणि रक्ताचे रिपोर्ट हाताशी असतात, आणि घरून गोळ्यांची पिशवी मागवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ आजारांच्या औषधांवर अहवाल काढला होता. विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले आहे. जिथे दवाखान्यात येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, तिथे यापेक्षा बरी स्थिती असेल असे मानायला आधार नाही.

काम सुरू होते त्या पिशवीपासून. रुग्ण भरती झाला की पहिल्या २४ तासांत त्याच्या घरची सगळी औषधे खाटेवर यायला हवीत: गोळ्यांचे चालू पत्ते (स्ट्रिप), रिकामे पत्ते, इन्सुलिनची बाटली, दम्याचा पंप, मलम, डोळ्यांत टाकायचे थेंब, चूर्ण, काढा, आणि गावच्या दुकानातून आणलेली अंगदुखीची पुडीसुद्धा. त्या पुडीत बऱ्याचदा डायक्लोफेनॅक हे दुखणे थांबवणारे औषध असते, कधी स्टिरॉइडही असते, आणि "औषध काय घेता?" या प्रश्नाच्या उत्तरात ती कधीच येत नाही. पिशवीतल्या प्रत्येक औषधापुढे एका कागदावर नोंद करायची: नाव, ताकद, किती वेळा, कधीपासून, कुणी दिले, शेवटचा डोस कोणत्या दिवशी आणि किती वाजता घेतला. एकट्या रुग्णाच्या सांगण्यावर थांबायचे नाही. जुने केस पेपर, बीपी-शुगरचे कार्ड, घरात गोळ्या काढून देणारी सून किंवा मुलगा, गावातल्या आशाताई, यांपैकी निदान आणखी एक आधार घ्यायचा.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा खरेपणा ठरतो. "गोळ्या नियमित घेता ना?" असे विचारले की सगळेच हो म्हणतात. "आजी, काल रात्री कोणती गोळी घेतली, दाखवा बरं" असे विचारले की हात पिशवीत जातो आणि खरे काय ते दिसते. "मागच्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?" या प्रश्नात राहून जाणे गृहीत धरलेले असते, म्हणून माणूस मोकळेपणाने सांगतो. त्यावर गोळ्या मोजायच्या. ३० गोळ्या दिल्याला १८ दिवस झाले असतील तर १२ उरायला हव्यात. २२ उरल्या असतील तर १८ पैकी ८ दिवसच औषध पोटात गेले. हा हिशेब केला नाही तर डॉक्टरांना फक्त वाढलेला बीपी दिसतो आणि ते दुसरी गोळी जोडतात. वार्डात सिस्टर दोन्ही गोळ्या वेळेवर देतात, बीपी एकदम खाली येतो आणि म्हातारा माणूस संडासला जाताना चक्कर येऊन पडतो. औषध कमी पडते आहे की घेतलेच जात नाही, हे गोळी वाढवण्याआधी ठरवावे लागते.

औषध सोडण्याची कारणे आपल्या भागात ठरावीक आहेत. "गोया सरल्या म्हून बंद केल्या" हे सगळ्यात जास्त ऐकू येते. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला यायला सवड नसते. मेळघाटातली कुटुंबे कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात. बरे वाटू लागले म्हणून, गोळीची सवय लागेल या भीतीने, उपवास म्हणून, दारू घेतली म्हणून, अशाही गोळ्या राहतात. आणि एक कारण असे आहे की ते रुग्णालयाने स्वतःकडेच शोधले पाहिजे. पुरवठादार बदलला की त्याच गोळीचा रंग, आकार, पत्ता बदलतो. पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी आली की काहीजण तिला हात लावत नाहीत. काहीजण घरी उरलेल्या पांढऱ्या आणि नव्या गुलाबी अशा दोन्ही घेतात. बीपीचे टेल्मिसार्टन संपले म्हणून त्याच कामाचे लोसार्टन दिले आणि "हे त्याच्याऐवजी आहे, जुनी बंद" असे सांगायचे राहिले, तरी तेच होते. साठ्यात काय आले आणि काय संपले हे रुग्णालयात फार्मासिस्टलाच पक्के ठाऊक असते. तेव्हा बदललेली गोळी रुग्णाच्या हातावर ठेवून समजावणे हे त्याचेच काम.

दुबार औषधाचा आणखी एक मार्ग खासगी दवाखान्यातून येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बीपीचे अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम मिळते. शहरातल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर अॅम्लोडिपिन असतेच. पत्त्यावरची नावे वेगळी, आतले औषध एक. शुगरच्या गोळ्यांत हे जास्त घातक ठरते, कारण ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्या अनेक नावांनी विकल्या जातात. ग्लिमेपिराइड दुप्पट गेले की साखर उतरते, रुग्ण बेशुद्ध होऊन येतो, ग्लुकोज दिल्यावर उठून बसतो आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर अधिकच. अशा रुग्णाला निदान २४ तास नजरेखाली ठेवावे लागते. तोवर पिशवी उलगडून दुसरी गोळी सापडली नाही, तर तोच माणूस आठवडाभरात त्याच खाटेवर परत येतो.

इन्सुलिनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चूक मिलिलीटरच्या अंशात होते आणि फटका जिवाला बसतो. सरकारी पुरवठ्यातली नेहमीची बाटली एका मिलिलीटरला ४० युनिटची असते. तिच्यासाठी ४० च्या खुणांची, लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनमधल्या कार्ट्रिजचे इन्सुलिन मिलिलीटरला १०० युनिटचे असते आणि १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी. दुकानदाराने ४० च्या बाटलीबरोबर १०० ची सिरिंज दिली आणि रुग्णाने २० च्या खुणेपर्यंत भरली, तर पोटात २० ऐवजी ८ युनिट जातात. साखर उतरत नाही, डोस वाढवला जातो. उलट, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले तर ५० युनिट जातात. म्हणून फार्मासिस्टने बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात घेऊन जुळवावीत आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने भरून दाखवायला सांगावे. केस पेपरवर "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा. इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात.

बाटल्यांचा हिशेबही इथेच करायचा. १० मिलिलीटरच्या बाटलीत ४०० युनिट. सकाळी २० आणि संध्याकाळी १० घेणाऱ्याला ती १३ दिवस पुरते. महिन्याला दोन बाटल्या दिल्या तर २६ व्या दिवसानंतर पुरा डोस भरत नाही. पुढच्या तारखेपर्यंत रुग्ण डोस निम्मा करून पुरवतो किंवा बंदच करतो. त्याला तीन बाटल्या लागतात. तिसरी न देणे म्हणजे महिन्याचे शेवटचे चार दिवस उपचार थांबवणे.

साठवणुकीचा प्रश्न विदर्भात उन्हाळ्याचा आहे. चालू बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या घरात त्याहून वर. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, आणि त्यात झाकणाच्या प्लॅस्टिक डबीत बाटली ठेवावी. मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी असावे आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते. पावसाळ्यात गारवा कमी होतो, पण तेव्हा ऊनही तेवढे नसते. फ्रिज असेल तर बाटली दाराच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यायचे. ३०/७० चे मिश्र इन्सुलिन टोचण्याआधी बाटली तळहातांत हळूहळू घोळवून सगळीकडे सारखे दुधी करावे लागते. जोरात हलवले तर फेस होतो आणि डोस चुकतो. फार्मासिस्टने पोटावर हात फिरवून गाठीही पाहाव्यात. रोज एकाच जागी टोचल्याने गाठ होते, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

खुद्द वार्डातही एक गोष्ट चुकते. मिश्र किंवा साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचे असते. ज्याचा डबा गावाहून येतो, त्याला सिस्टरने घड्याळ पाहून सात वाजता इन्सुलिन दिले आणि डबा साडेआठला पोचला, तर साखर उतरते. जेवण खाटेपाशी आल्याची खात्री झाल्याशिवाय इन्सुलिन नाही, असा वार्डाचा नियम हवा. वार्डाच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा लिहायचे, ते २ ते ८ अंशांत हवे. वीज गेली तर किती वेळ गेली तेही लिहायचे. बाटली उघडल्याची तारीख बाटलीवर.

बीपीच्या औषधांत एका औषधाचा त्रास दुसरे औषध ओढून आणतो. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची सूज समजून लघवीची गोळी सुरू होते. लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटते, थकवा येतो, चक्कर येते, मग टॉनिक आणि चक्करेची गोळी. एनॅलाप्रिलने कोरडा खोकला येतो, त्यावर खोकल्याचे सिरप आणि अँटिबायोटिक. पिशवीतल्या औषधांच्या तारखा ओळीने मांडल्या की ही साखळी उघड दिसते. मग चार औषधे कमी करण्याची सूचना डॉक्टरांपुढे ठेवता येते. औषध वाढवण्याइतकेच कमी करणेही वार्डातल्या फार्मासिस्टचे काम आहे, आणि गरीब रुग्णाला त्याचा फायदा आधी होतो.

शेतमजुरांच्या बाबतीत उन्हाळा पुन्हा आड येतो. एनॅलाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, त्याच्या जोडीला लघवीची गोळी, आणि कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक, ही तीन एकत्र आली आणि उन्हात घामाने किंवा हगवणीने शरीरातले पाणी गेले की मूत्रपिंड बसते. जुलाब-उलट्या घेऊन भरती झालेल्या बीपी-शुगरच्या रुग्णाच्या कागदावर फार्मासिस्टने त्याच दिवशी विचारणा लिहावी: मेटफॉर्मिन, लघवीची गोळी, एनॅलाप्रिल तात्पुरते थांबवायचे का? आणि थांबवले तर कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायचे, तेही. हे दुसरे वाक्य राहते. हगवणीत थांबवलेली बीपीची गोळी सुट्टीच्या (डिस्चार्जच्या) कार्डावर येत नाही, घरी कुणी सुरू करत नाही, आणि काही महिन्यांनी तोच माणूस लकवा घेऊन येतो.

मूत्रपिंडाचा रिपोर्ट वाचतानाही फसायला होते. ७० वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या बाईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.२ आले तर ते जवळपास ठीक वाटते. वय आणि वजन धरून कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर तिच्या मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला २८ मिलिलीटरच्या आसपास निघते. तिचे हृदयासाठीचे डिगॉक्सिन आणि कित्येक अँटिबायोटिक कमी करावे लागतात. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचे वजन केस पेपरवर हवे, आणि ते नसते. वजनकाटा वार्डात असूनही नसते.

काही औषधे संख्येने थोडी, पण चुकीला माफी न देणारी आहेत. सांधेवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. वार्डच्या चार्टवर उतरवताना त्यापुढे "ओडी" (दिवसातून एकदा) लागले की ते रोज जाते. तोंड सोलते, पांढऱ्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. त्यापुढे वार लिहावा: फक्त सोमवारी. झडप बदलून आलेल्या रुग्णाच्या वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉलचे तसेच. ही दोन वेगवेगळी औषधे आहेत, "रक्त पातळ करायची गोळी" म्हणून एकाच्या जागी दुसरे देता येत नाही. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल सुरू झाले की वॉरफेरिनचा जोर वाढतो, तेव्हा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणी लवकर करावी लागते. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन उलटे वागते. वॉरफेरिन, शुगरच्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम ते घटवते. मिरगीचे फेनिटोइन थोडे वाढवले तरी रक्तातले प्रमाण एकदम चढू शकते. ते वाढवल्यावर रुग्ण झोकांड्या खात असेल तर दारूचा संशय घेण्याआधी डोस पाहावा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या आधी निदान अर्धा तास, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास दूर. वार्डात सकाळच्या फेरीत या तिन्ही गोळ्या एका वाटीत येतात.

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आपल्या भागाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, कुठेही पाहा. केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या अभियानात २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करायचे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते, पण त्याचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या महिन्यात पुन्हा दुखले की मुलगा कॅप्सूल सोडतो. डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ३५ किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल बसते, आणि तोच मुलगा दोन वर्षांनी ४५ किलोचा झाला की डोस पुन्हा पाहावा लागतो. रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार घटल्या तर औषध काही दिवस थांबवतात. कॅप्सूल घरात उघडू नये. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. झटका येऊन भरती झालेल्या प्रत्येक सिकलसेल रुग्णाला कॅप्सूल कधी संपली आणि का, हे विचारणारा माणूस वार्डात असलाच पाहिजे.

दम्याचा पंप प्रत्यक्ष ओढून दाखवायला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. श्वासातून घ्यायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आहेत. पंप दाबल्यावर श्वास घेणारे, श्वास सोडताना दाबणारे आहेत. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंप ओठांत घट्ट धरायचा, हळू आत ओढायला लागताना दाबायचे, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचे, आणि स्टिरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून थुंकायची. हात-श्वासाचा मेळ जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. तो नसेल तर पाण्याच्या ५०० मिलिलीटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे छिद्र पाडूनही काम भागते. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायांना हे शिकवायला दहा मिनिटे लागतात.

आता वेळेचा हिशेब. ३० खाटांच्या रुग्णालयात दिवसाला दीर्घ आजाराचे चार नवे रुग्ण आणि तीन सुट्ट्या धरल्या, तर प्रत्येक भरतीला १५ मिनिटे आणि प्रत्येक सुट्टीला १० मिनिटे, असा दीड तास होतो. डॉक्टर आणि सिस्टरांशी बोलायला अर्धा तास. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर दुपारी हे बसते. सगळेच रुग्ण जमणार नसतील तर आधी घ्यायचे ते असे: इन्सुलिनवरचे, रक्त पातळ करायची गोळी घेणारे, मिरगीचे, सिकलसेलचे, मूत्रपिंड कमजोर असलेले, पाच किंवा जास्त औषधे घेणारे, आणि दीर्घ आजार असलेल्या गरोदर बाया.

सुट्टीच्या दिवशी मात्र फार्मासिस्ट सकाळी लागतो, आणि तेव्हा खिडकीवर रांग असते. यावर उपाय एवढाच की डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच "उद्या सुट्टी" अशी यादी द्यावी. घरी न्यायच्या औषधांची पिशवी रात्रीच भरून ठेवता येते. कार्डावर "सीटी ऑल" (सगळे आहे तसे चालू) लिहून चालणार नाही. प्रत्येक औषधापुढे चालू, बदलले किंवा बंद यांपैकी एक शब्द आणि बदलले-बंद असेल तर कारण हवे. बंद झालेले पत्ते रुग्णाला विचारून वेगळे काढावेत, नाहीतर घरी ते पुन्हा डब्यात जातात. पाकिटांवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढावा. कोरकू, गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणाऱ्या घरात मराठी अक्षरांपेक्षा ते उपयोगी पडते. पत्ता कापताना नाव आणि एक्सपायरी छापलेली बाजू रुग्णाकडे राहील अशी कापावी. शेवटी रुग्णाला किंवा त्याच्या माणसाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे: कोणती गोळी कशासाठी, कधी, आणि उपवासाच्या दिवशी कोणती घ्यायची नाही. उपवासाचा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेला असावा, कारण हरतालिका, नवरात्र आणि रमजान दरवर्षी येतात.

किती दिवसांची औषधे द्यायची यातही थोडा विचार हवा. ३० दिवसांच्या गोळ्यांनी संपण्याचा वार दर महिन्याला सरकतो. २८ किंवा ३५ दिवसांच्या दिल्या तर वार तोच राहतो, आणि तो गावच्या आठवडी बाजाराचा वार असेल तर माणूस तसाही तालुक्याला येणार असतो. त्याची मजुरी दुसऱ्यांदा बुडत नाही.

फार्मासिस्टने औषध स्वतः बदलायचे नाही, निर्णय डॉक्टरांचाच. पण सूचना लेखी, वेळ टाकून केस पेपरवर असावी. जिवाला धोका असेल तर ताबडतोब फोन, एरवी राउंडच्या वेळी. औषधाचा त्रास दिसला तर तो देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवावा. त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. चूक कुणाची हा प्रश्न वार्डात काढला की दुसऱ्या दिवसापासून चुका लपवल्या जातात, हे वैद्यकीय अधीक्षकांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावे.

याला कायद्याची आडकाठी नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाबद्दल समजावणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने क्लिनिकल फार्मासिस्ट हे पदही त्यात आणले. २००८ पासून देशात सहा वर्षांचा फार्म-डी अभ्यासक्रम आहे, त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढायचे असते. विदर्भात फार्मसी महाविद्यालये कमी नाहीत. या मुलांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयांबरोबर तालुक्याच्या वार्डातही पाठवता येईल. अडचण खरी आहे ती मनुष्यबळाची. जिथे एकच फार्मासिस्ट ओपीडी, साठा, ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीतल्या नोंदी आणि लसींची शीतपेटी सांभाळतो, तिथे वार्डचे काम त्याच्या माथी मारणे अन्याय होईल. तिथे आधी रिक्त पद भरावे, किंवा साठ्याच्या नोंदींसाठी दुसरा माणूस द्यावा.

जिल्हा शल्य चिकित्सकांनी आपापल्या जिल्ह्यात एका उपजिल्हा रुग्णालयात आणि एका ग्रामीण रुग्णालयात तीन महिने हे करून पाहावे, अशी विनंती आहे. एक नोंदवही पुरे: किती रुग्णांची औषधे २४ तासांत तपासली, किती तफावती सापडल्या, त्यांतल्या किती डॉक्टरांनी दुरुस्त केल्या, किती जण ३० दिवसांत त्याच आजाराने परत आले, आणि पुढच्या तारखेला किती जण पिशवी घेऊन आले. सुरुवात ३० खाटांवर करायची गरज नाही. इन्सुलिन घेणारे रुग्ण, वार्डचा फ्रिज आणि उद्या ज्यांची सुट्टी आहे ती तीन-चार माणसे, एवढ्यावर पुढच्या सोमवारपासून सुरू करता येईल.

आपले,
विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत औषधांचे काम पाहणारे काही फार्मासिस्ट